साडेतेरा हजार किलोमीटर आणि शिळफाटा

शाळेत काळ-काम-वेगाची गणितं घालणारा जो कोणी प्राणी होता, तो अजून जिवंत आहे आणि हल्ली इंटरनेटवर नोकरीला आहे. पूर्वी तो अ गावाहून आगगाडी सोडायचा आणि ब गावाहून दुसरी. आता त्याच्यापुढे कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली की तो अंतर आणि प्रवासाचा वेळ काढून मोकळा होतो. त्या दोन गावांमध्ये विमान जातं का, हा प्रश्न शाळेतही त्याला कधी पडला नव्हता.

त्याची रीत पाचवीतल्या पोराला जमेल अशी आहे. दोन विमानतळांमधलं अंतर घ्यायचं, त्याला ताशी ९०० किलोमीटरनं भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून वर अर्धा तास टाकायचा. कोणी ८०० नं भागतो. विद्वानांमध्ये मतभेद आहेत ते एवढेच. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी रोजची विमानसेवा आहे. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात तिला दोन मिनिटं दिली आहेत आणि वारा मनासारखा असला तर ५३ सेकंदांतही विमान पोचलेलं आहे. आपल्या गणितज्ञाला विचाराल तर अर्धा तास आणि वर काही सेकंद. म्हणजे उतारू घरी जाऊन चहा घेतायत आणि हिशेबानं ते अजून हवेत आहेत.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण आमचे डोंबिवलीचे मामा. मामांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. साखळी, टेबल, बांध, हद्दीचे दगड आणि त्या दगडांवरून भांडणारे सख्खे भाऊ यांच्यात आयुष्य गेल्यामुळे मोजल्याशिवाय ते काहीच मान्य करत नाहीत. मामेबहीण सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन होझेला असते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मामींनी बॅगा मोजल्या आणि मामांनी अंतर.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, १३,५११ किलोमीटर, साडेपंधरा तास. हा आकडा मिळाल्यावर साधा माणूस थांबला असता. मामांनी विचारलं, "कुठून कुठून?" मोजणीदाराला लांबी पुरत नाही, नकाशा लागतो. त्यांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली. पट्टी अरबस्तानावरून, इजिप्त-लिबियावरून, अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली. मग नातवाचा पृथ्वीचा गोल आणून त्यावर दोरा ताणला. दोरा इजिप्तकडे ढुंकूनही न बघता हिमालयावर चढला, चीन, सैबेरिया करत थेट आर्क्टिक समुद्रात ७६ अंशांच्या वर गेला आणि अलास्कावरून खाली सॅन फ्रान्सिस्कोला उतरला.

"हा रस्ता बरोबर नाही," मामा म्हणाले. तो बरोबर आहे, गोलावर सर्वांत जवळची वाट अशीच जाते आणि चूक भिंतीवरच्या नकाशाची आहे, हे त्यांना पटायला दोन दिवस लागले. पटल्यावर मात्र त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून माळ्यावर टाकला. पुढे त्यांना आणखी एक गोष्ट कळली की पृथ्वी धड गोलसुद्धा नाही. विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरनं जास्त आहे. "कमरेत सुटलीय," असा शेरा मामांनी मारला आणि मामींकडे बघायचं टाळलं.

पण एवढी मोजलेली ती दोऱ्याची वाट विमान धरतंच असं नाही. मधे तिबेटचं पठार आहे. विमानातला हवेचा दाब एकाएकी गेला तर वैमानिकाला ताबडतोब दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण तिथे माणसाला श्वास घेता येतो. तिबेटवर खाली यायचं म्हटलं तर जमीनच त्याहून वर आलेली. म्हणून शहाणी विमानं तिथे शक्यतो वळसा घालतात. मामांना हे लगेच पटलं. त्यांच्या मते प्रत्येक सरळ रेषेत कुणाचं तरी घर येतंच.

घर तिबेटचं असतं तसं शेजाऱ्याचंही असतं. २०१९ मध्ये काही महिने आणि मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना खाली गुजरातकडून, समुद्रावरून फेरा पडू लागला. दिल्ली जागेवर, लंडन जागेवर, दोन्हींमधलं अंतर वाढलं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमान कंपन्यांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. फिनलंडच्या कंपनीनं वाट काढली ती उत्तर ध्रुवावरून, आणि उतारूंना ध्रुव ओलांडल्याचं प्रशस्तिपत्र दिलं. साडेतीन तास जास्त बसवल्याची पावती इतकी सुबक मी दुसरीकडे पाहिली नाही.

तशी ही प्रशस्तिपत्राची पद्धत जुनीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गला तळ्यापर्यंत पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमानं जायची. मधे कुठेही न थांबता सत्तावीस ते तेहतीस तास. इंधनच इतकं घ्यावं लागे की उतारू तीनच. वाटेत सूर्य दोनदा उगवायचा, म्हणून उतरल्यावर उतारूला 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं सभासदत्व लेखी मिळायचं. आज त्याच पर्थहून लंडनला साधारण सतरा तासांत जातात आणि कुठल्याही मंडळात घेत नाहीत.

मामांच्या डोक्यावर खरा घाव घातला तो वाऱ्यानं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरनं लांब. आणि ती जवळजवळ दोन तास लवकर पोचवते. कारण पश्चिमेकडे तोंड केलं की वारा समोरून, पूर्वेकडे केलं की पाठीमागून.

"जास्त अंतर आणि कमी वेळ?" मामांनी चष्मा काढला. मोजणी खात्यात असं काही आढळलं तर चौकशी लागते.

या वरच्या वाऱ्याची पहिली पद्धतशीर नोंद जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी केली. १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून ते फुगे सोडायचे आणि फुगे वर गेल्यावर भलत्याच वेगानं पूर्वेला पळतात, हे टिपून ठेवायचे. शोध केवढा मोठा! तो साऱ्या जगाला कळावा म्हणून त्यांनी १९२६ मध्ये अहवाल लिहिला तो साऱ्या जगाच्या भाषेत, म्हणजे एस्पेरान्तोत. अर्थातच साऱ्या जगानं तो वाचला नाही. अठरा वर्षांनी अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर तीस हजार फुटांवरून जाऊ लागली, तेव्हा त्यांचा वेगही बिघडला आणि नेमही. अहवाल तोवर शांतपणे कपाटात होता. सरकारी अहवालांचं भवितव्य ठाऊक असल्यामुळे मामांना यात नवल वाटलं नाही. फक्त ते एवढंच म्हणाले की मोडीत लिहिला असता तरी चाललं असतं.

२०२० च्या फेब्रुवारीत अटलांटिकवर वादळ आलं आणि त्या वाऱ्यावर बसून ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा-सात तास लागतात. विमानतळ होते तिथेच होते. म्हणजे अंतर राजकारण ठरवतं, वेळ वारा ठरवतो. मग इंटरनेटवरचा तो गणितज्ञ नेमकं काय ठरवतो?

यात विमान कंपन्यांचा एक स्वतंत्र हिशेब असतो. मुंबई–दिल्ली हे हवाई अंतर साधारण ११४० किलोमीटर. काळ-काम-वेगानं पावणेदोन तास होतात. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास लिहिलेले दिसतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, वर घिरट्या आणि थोडा सावधपणा आधीच घालून ठेवलेला असतो. मग दिल्लीला उतरताना गोड आवाजात घोषणा होते की आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत, आणि माणसं खूश होतात. पोराला पन्नासच मार्क पडणार हे ठरवून बसलेल्या बापाला बावन्न पडल्यावर होतो, तसा हा आनंद आहे.

मामींचा प्रश्न या सगळ्यापेक्षा वेगळा होता. निघायच्या दिवशी संकष्टी होती.

"अहो, चंद्रोदय कधी?"

मामांनी कालनिर्णय काढलं. मुंबईचा चंद्रोदय होता. पुण्याचा, नागपूरचा होता. सैबेरियाचा नव्हता. विमान पहाटे निघणार, दिवसभर हवेत राहणार आणि घड्याळ दर तासाला कुठे सरकणार याचा पत्ता नाही. चंद्र बघून उपवास सोडायचा तर कुठल्या गावचा चंद्र धरायचा? मामांनी दोऱ्याच्या वाटेवर चंद्रोदयाच्या वेळा लावून बघितल्या आणि रात्री साडेदहाला मला फोन केला.

"अरे, तिकडे ७६ अंशांवर महिन्यातले काही दिवस चंद्र मावळतच नाही."

"मग चांगलंच आहे. मामींना केव्हाही जेवता येईल."

"आणि काही दिवस उगवतच नाही."

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. ज्यांनी संकष्टीचे नियम केले ते कोकणातून फार तर घाटावर गेलेले. ध्रुवाच्या शेजारून कोणी वांगी-भात टाळत जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार. शेवटी निकाल मामींनीच दिला. घरून निघताना मुंबईच्या चंद्राची वेळ कागदावर लिहून घ्यायची, मनगटावरचं घड्याळ मुंबईवरच ठेवायचं आणि त्या वेळेला खिडकीकडे तोंड करून नमस्कार करायचा. "तो असतोच हो कुठेतरी. आपणच हललेले असतो." चंद्राबद्दल इतकं शास्त्रशुद्ध विधान मोजणी खात्याला पेन्शनीत गेल्यावरही जमलं नव्हतं.

तारखेचा गोंधळ त्यामानानं किरकोळ. हिवाळ्यात कॅलिफोर्नियाचं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असतं. त्यामुळे पहाटे निघून सोळा तास प्रवास केला तरी त्याच दिवशी सकाळी पोचता येतं. परतताना त्याची वसुली होते. शुक्रवारी बसलेला माणूस रविवारी उतरतो आणि मधला शनिवार कुणी घेतला ते सांगायला कोणी जबाबदार नसतं. शनिवार करणाऱ्या मारुतीभक्तांनी हा मुद्दा संबंधितांकडे उचलायला हवा.

आता प्रत्यक्ष प्रवास. डोंबिवली ते सहार विमानतळ हे अंतर कुठल्याही गणितज्ञाला विचारा, तो पस्तीस-चाळीस किलोमीटर सांगेल. विमान पहाटे दोनचं. विमानतळावर तीन तास आधी या, असं तिकिटावर, म्हणजे रात्री अकरा. ऐरोलीचा पूल तुंबला तर म्हणून एक तास. एखाद्या वळणावर वरात लागली तर म्हणून आणखी एक. गाडी पंक्चर झाली तर. मामांच्या धाकट्या भावाच्या मते सुरक्षारक्षकांना बॅगेत लोणचं दिसलं तर. सगळ्यांचं मत घेता घेता निघायची वेळ दुपारी साडेचारवर आली. साडेतेरा हजार किलोमीटरना साडेपंधरा तास आणि पहिल्या चाळिसांना साडेनऊ. यात कोणाला काही गैर वाटलं नाही. मामी म्हणाल्या, "बसूच तिकडे निवांत." विमानतळावर निवांत बसायला मिळतं, अशी त्यांच्या पिढीची ठाम समजूत आहे. ती बहुधा १९४८ पासूनची असावी. त्या वर्षी ८ जूनला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, तेव्हा उतारू पस्तीस होते. रांग लावायची म्हटली तरी तिला लांबी आली नसती.

निरोपाला नागपूरहून मामांचे साडू येणार होते. त्यांचं विमान नेमकं नव्या नवी मुंबई विमानतळावर उतरणारं. पूर्वी मुंबईला विमानतळ म्हणजे कुठलं, हा प्रश्न नव्हता. सांताक्रूझ आणि सहार एकाच विमानतळाच्या दोन बाजूंना. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईहून विमानं उडायला लागली आणि मुंबईकरांना गोवेकरांचं दुःख कळलं. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाल्यापासून तिकडच्या टॅक्सीवाल्याचा पहिला प्रश्न 'कुठं जायचं' हा नसून 'तिकीट दाखवा' हा असतो.

तर साडू. नागपूर ते नवी मुंबई पावणेसातशे किलोमीटर ते दीड तासात आले. नवी मुंबई विमानतळ ते सहार हवाई अंतर अवघं पंचवीस किलोमीटर. गणितज्ञाच्या हिशेबानं दोन मिनिटं, अधिक अर्धा तास. पण साडूंना आधी डोंबिवलीला येऊन मामांच्या गाडीतूनच निरोपाला जायचं होतं, कारण निरोपाला स्वतंत्र गाडीनं जाणं हा आमच्याकडे अपमान समजतात. म्हणून ते तळोज्याकडून शिळफाट्याला आले. आणि तिथेच राहिले.

शिळफाटा ही जागा भूगोलात बसत नाही. तिथे किलोमीटर लागू नाहीत. साडूंनी तिथून तासाभरानं फोन केला, तेव्हा समोर कंटेनर होता. पुढच्या फोनला तोच कंटेनर होता आणि साडूंची त्याच्या क्लीनरशी ओळख झाली होती, तो भंडाऱ्याचा निघाला. मामा सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले तेव्हा साडू फाट्यावरच होते. निरोप फोनवरच झाला. मामांनी जाताना एवढंच विचारलं, "फाट्यापासून आमच्या घराचं नक्की अंतर किती दाखवतंय?" आणि आकडा ऐकून तो टिपून घेतला. खात्याची सवय.

अमेरिकेतून परतल्यावर मामांची गणितज्ञावरची श्रद्धा उडेल असं मला वाटलं होतं. उलट ती वाढली. आता ते रोज जेवणानंतर दोन गावं टाकतात. सिंगापूर–न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटरच्या वर. ही सध्याची सगळ्यांत लांब विनाथांबा विमानसेवा, अठरा तासांहून जास्त. त्या विमानात इकॉनॉमी वर्गच ठेवलेला नाही, हे वाचून त्यांना कंपनीच्या दयाळूपणाचं कौतुक वाटलं. मग त्यांना २००५ ची एक नोंद सापडली. त्या नोव्हेंबरात बोइंगनं आपलं नवं विमान हाँगकाँगहून लंडनला नेलं, पण मुद्दाम उलट्या बाजूनं, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून. सरळ गेलं तर साडेनऊ-दहा हजार किलोमीटर. हे गेले २१,६०० किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. असं मीटर फिरवणारा मामांना आजवर फक्त ठाणे स्टेशनबाहेर भेटला होता.

मध्यंतरी त्यांनी मुंबईपासून सगळ्यांत लांबचं विमानतळ शोधून काढलं. आपल्या पायाखाली सरळ भोक पाडलं तर आपण पॅसिफिक महासागरात निघतो, आणि तिथून सगळ्यांत जवळचं विमानतळ ईस्टर बेटावरचं, मातावेरी. मुंबईहून १९,०८८ किलोमीटर. गणितज्ञानं वेळ सांगितली २१ तास ४३ मिनिटं. त्याच्या विमानाला पेट्रोलही लागत नाही, व्हिसाही लागत नाही. प्रत्यक्षात आधी चिलीत सँटियागोपर्यंत जायचं, तेही मधे कुठे ना कुठे उतरून, आणि तिथून पुढे आणखी साधारण ३,७५० किलोमीटर समुद्रावरून. मातावेरीची धावपट्टी मात्र झकास लांब आहे, कारण नासाच्या स्पेस शटलला कधी अडचण आलीच तर उतरता यावं म्हणून १९८० च्या दशकात ती वाढवून घेतली होती. शटल एकदाही उतरलं नाही.

"त्यालासुद्धा कनेक्शन मिळालं नसेल," मामी म्हणाल्या. त्या वाटाणे सोलत होत्या. "पण तिथे जाऊन बघायचं काय?"

मामांनी टॅब्लेटवर फोटो दाखवला. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे दगडी पुतळे, बहुतेक सगळे समुद्राकडे पाठ करून, रांगेत, चेहऱ्यावर काही नाही.

मामींनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"आलं लक्षात," त्या म्हणाल्या. "यांना तीन तास आधी या म्हणून सांगितलं असणार."